गुडदी, खोबण आणि तिसरी पिन

दिवाळी तोंडावर आली की घर झाडायचे, जळमटे काढायची, भिंतींना रंग द्यायचा, हा आपणा सर्वांचाच रिवाज. यंदा आमच्या मस्तगडच्या घराला रंग देण्याआधी विजेच्या तारा नव्याने ओढून घ्याव्यात असे मुलाने ठरविले. मी नेहमीप्रमाणे थोडी कुरकूर केली आणि नेहमीप्रमाणेच ती कोणी ऐकली नाही. दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी एक वायरमन पोरगा खांद्याला पिशवी अडकवून दारात उभा राहिला.

घर जुने, भिंती हात-दीड हात रुंद. त्यांच्यावरून लाकडी पट्ट्यांत बसविलेल्या तारा गेलेल्या. पोरग्याने पटाशी लावून पट्ट्या उचकटायला सुरुवात केली आणि एकेक वस्तू खाली येऊ लागली. मी जुने वर्तमानपत्र अंथरून ती मांडत बसलो. पितळी टोपीची गोल बटणे, चिनीमातीचे पांढरे फ्यूज, काळ्या बॅकेलाइटचे दोन भोकांचे प्लग, तपकिरी रंगाचे तीन भोकांचे प्लग, आणि ओसरीवरचा एक जड पितळी होल्डर. वरचा थर मुलाच्या लग्नातला, त्याखालचा माझ्या लग्नातला, आणि सर्वांत खालचा वडिलांनी पहिल्यांदा वीज घेतली तेव्हाचा. गढीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला जुन्या विटांचे अप्रूप नसते. पण आपल्याच भिंतीत असे तीन थर निघालेले पाहून मला मौज वाटली.

नातू शेजारी येऊन बसला होता. त्याने तो पितळी होल्डर उचलून विचारले, "आजोबा, याला काय म्हणतात?"

"होल्डर."

"मराठीत?"

मी घुटमळलो. शिडीवरून आवाज आला, "मराठीतच सांगितलं की त्यांनी! होल्डर."

पोरगा खोटे बोलला नव्हता. होल्डर, प्लग, पिन, सॉकेट, बोर्ड हे शब्द आमच्या आज्यांनीही जिभेवर बसवून घेतले होते. परंतु नातवाचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मग मी दोन-तीन कोश काढले आणि रात्री उशिरापर्यंत त्या वर्तमानपत्रावरच्या वस्तूंशी खेळत बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांना सांगावेसे वाटते.

ज्यांनी आमचा मस्तगड पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. जालना शहराच्या पूर्वेला, कुंडलिका नदीच्या बाजूला हा बालेकिल्ला आहे. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या हुकुमावरून काबिलखानाने तो १७२५ साली बांधला. राजगड-रायगडाच्या तोलाचे हे स्थान नव्हे; सपाटीवरची एक गढीच ती. पण तिचे नाव वस्तीला मिळाले, आणि आता मस्तगड म्हटले की जालन्यात गढीपेक्षा आमचा मोहल्लाच आधी आठवतो. 'जालना, सोने का पालना' म्हणणाऱ्या गावात आमच्या वाट्याला सोने आले नाही, गढी आली. ही गढी या लेखात उगीच आणलेली नाही, हे पुढे कळेलच.

प्रथम प्लग. हा शब्द इंग्रजीत डचांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ बूच. पिंपाच्या भोकात ठोकून बसवायचे लाकडी बूच म्हणजे प्लग. आपला 'बूच' हा शब्दही आपला नाही. तो पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवून ठेवलेला. घरचा शब्द म्हणजे 'गुडदी'. कोशात तो आहे, आणि मराठी विश्वकोशाच्या मंडळींनी मोटारीच्या स्पार्क प्लगला 'ठिणगी-गुडदी' म्हटले आहे. वाचताना हसू येते खरे, पण शब्द नेमका आहे. मोटार-मेकॅनिकच्या तोंडी तो बसला नाही ही गोष्ट वेगळी.

सॉकेटची कथा अधिक रंजक. सॉकेट म्हणजे खोबण हे आपण जाणतो. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'सोक' म्हणजे नांगराचा फाळ. त्याचे लघुरूप 'सोकेट', म्हणजे छोटा फाळ. फाळाच्या आकाराच्या भाल्याच्या पात्याला पुढे तेच नाव पडले. त्या पात्याच्या बुडाशी दांडा बसविण्यासाठी पोकळी असते. नाव पात्यावरून घसरून त्या पोकळीवर गेले, आणि मग कुठल्याही पोकळीला चिकटले. डोळ्याच्या खोबणीला इंग्रज सॉकेट म्हणतो, आणि आपल्या भिंतीवरच्या तीन भोकांनाही. नांगराचा फाळ आणि पिंपाचे बूच यांची ही सोयरीक वीज जन्माला येण्यापूर्वीच ठरून गेली होती.

आता तो पितळी होल्डर. त्याच्या कडेला दोन बाजूंना दोन वाकड्या खाचा असतात. दिव्याच्या टोपीला दोन बारीक खुंट्या. त्या खुंट्या खाचांत घालायच्या, आत दाबायचे, किंचित फिरवायचे आणि सोडायचे. आतली स्प्रिंग दिव्याला बाहेर ढकलते आणि खुंट्या खाचेच्या वळणात अडकून बसतात. आपल्यापैकी प्रत्येकाने ही क्रिया केली आहे, बहुधा स्टुलावर उभे राहून आणि खालून कोणी 'जपून!' म्हणत असताना. या रचनेला इंग्रजीत 'बेयोनेट' म्हणतात. बेयोनेट म्हणजे संगीन, बंदुकीच्या टोकाला लावतात ते पाते. फ्रान्समधल्या बायोन गावावरून तिला ते नाव पडले असे मानतात.

सतराव्या शतकातली ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागे. तेवढ्यात शत्रू अंगावर आला तर शिपायाच्या हाती नुसता सोटा. म्हणून संगीन निघाली. पहिली संगीन अशी होती की तिची लाकडी मूठ बंदुकीच्या नळीच्या तोंडातच खुपसायची. बाटलीला बूच लावावे तशी. तिला इंग्रजीत 'प्लग बेयोनेट' असेच म्हणतात. अडचण उघड आहे: नळीला बूच लागल्यावर गोळी कशी सुटणार? २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकी येथे जनरल मॅके याच्या सैन्यावर डोंगरी स्कॉट, म्हणजे हायलँडर, उतारावरून धावून आले. मॅकेच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या, पण संगिनी खुपसून होण्याआधीच तलवारी त्यांच्या डोक्यावर पडल्या. लढाई काही मिनिटांत आटोपली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये व्होबाँ नावाचा महापुरुष होता. किल्ले बांधण्यात आणि किल्ले घेण्यात त्याचा हात धरणारा युरोपात कोणी नव्हता. त्याने १६८७च्या आसपास संगिनीची नवी रचना उचलून धरली. मूठ नळीत खुपसण्याऐवजी संगिनीच्या बुडाला पोकळ नळकांडे करावे, त्यात वाकडी खाच पाडावी, बंदुकीच्या नळीवर एक खुंटी ठेवावी. नळकांडे नळीवर चढवायचे, फिरवायचे, की खुंटी खाचेत अडकली. नळीचे तोंड मोकळे. हिचे नाव 'सॉकेट बेयोनेट'. म्हणजे आपल्या बोर्डावर शेजारी शेजारी नांदणारे प्लग आणि सॉकेट हे शब्द, दीड-दोनशे वर्षे आधी रणांगणावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. जिंकला सॉकेट.

काबिलखान इथे मस्तगडच्या विटा रचत होता तेव्हा युरोपात ही नवी संगीन सर्वत्र झाली होती. इकडे यायला तिला वेळ लागला, पण आली ती आमच्या अंगणापर्यंत आली. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले, आणि २३ सप्टेंबरला इथून उत्तरेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, आज जालना जिल्ह्यात असलेल्या आसई गावी आर्थर वेलस्ली याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून तो नेपोलियनला भारी ठरला, तोच हा. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज फौज भाजून काढली. अखेर तोफांच्या तोंडावर चालून गेली ती गोऱ्यांची पलटण होती हायलँडरांची, आणि त्यांच्या बंदुकांवर होत्या सॉकेट-संगिनी. किलिक्रँकीला डोंगरी स्कॉटांनी संगिनीला हरविले होते. एकशे चौदा वर्षांनी तेच संगीन घेऊन आमच्या ज्वारीच्या रानात उभे होते.

पुढे त्याच इंग्रजांच्या देशातून विजेचा दिवा आला, तो त्याच संगिनीची खाच आणि खुंटी घेऊन. दिवे करणाऱ्यांमध्ये दोन घराणी पडली होती. अमेरिकेत एडिसनने दिव्याच्या बुडाला स्क्रूचे आटे पाडले. इंग्लंडात संगिनीची पद्धत रुळली. एडिसनच्या आट्यांच्या दिव्याला आजही त्याच्या नावातला 'ई' आहे: ई २७, म्हणजे सत्तावीस मिलिमीटर रुंदीचा. आपला तो बी २२, बी म्हणजे बेयोनेट, रुंदी बावीस मिलिमीटर. आट्यांचा दिवा हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो, आणि त्याच्या खोबणीची आतली पितळी भिंतच वीज वाहणारी असते; जोडणी उलटी झाली असली तर दिवा बदलणाऱ्याचे बोट सरळ त्या भिंतीवर. संगिनीचा दिवा स्प्रिंगच्या जोरावर ताठ बसतो. मोटारगाड्यांच्या दिव्यांनीही पुष्कळ वर्षे संगीनच पसंत केली ती याचमुळे. आपल्याकडे साहेबाचे घराणे आले आणि अजून टिकून आहे. बाजारातल्या नव्या एलईडी दिव्यालाही त्या दोन खुंट्या असतातच. गंमत पाहा, त्या दिव्याच्या पोटातले सगळे बदलले, खुंट्या तेवढ्या राहिल्या.

वीज प्रथम घरात आली ती केवळ दिव्यासाठी. भिंतीला भोके नव्हतीच. पंखा, इस्त्री, रेडिओ ही पिलावळ मागून आली आणि तिला वीज हवी तर ती दिव्याच्या होल्डरमधूनच घ्यावी लागे. अमेरिकेतही हेच. तिथे वस्तूची तार आट्यांच्या बुडासकट फिरवून दिव्याच्या जागी बसवायची. फिरविताना तारेला पीळ पडे. हार्वे हबल नावाच्या कारखानदाराने १९०४ साली याचा तोडगा काढून पेटंट घेतले: आट्यांचा भाग होल्डरमध्ये कायम राहू द्यावा आणि त्यात दोन पात्यांची गुडदी सरळ खुपसावी, सरळ काढावी. प्लग आणि सॉकेट एकमेकांना सुटे झाले ते असे. आमच्या वर्तमानपत्रावरही त्याचा एक दूरचा भाचा निघाला: खाली संगिनीच्या खुंट्या, वर दोन भोके. दिवा काढून तो होल्डरमध्ये बसवायचा आणि त्यात रेडिओ लावायचा. रेडिओ लागला की खोलीत अंधार. त्या अंधारात ऐकलेल्या बातम्या मला अजून आठवतात.

दिव्यासाठी एक दर आणि शेगडी, हीटर यांच्यासाठी दुसरा, अशी आकारणी तेव्हा पुष्कळ ठिकाणी असे. 'लाइट' आणि 'पॉवर' ही दोन नावे त्यातून रुळली. आजही मोठ्या तीन भोकांना आपण 'पॉवर प्लग' म्हणतो, जणू लहान भोकांतून येते ती पॉवर नव्हेच. आणखी एक मौज: इंग्रजीत भिंतीवरचे ते सॉकेट आणि हातातली ती प्लग. आपण भिंतीवरच्यालाच प्लग म्हणतो आणि हातातल्याला पिन, किंवा दुकानदाराच्या भाषेत 'टॉप'. नातवाने हट्ट धरला म्हणून सांगतो, मला विचाराल तर भिंतीवरची खोबण आणि हातातली गुडदी. पण उद्या दुकानात जाऊन गुडदी मागण्याचे धैर्य मला होणार नाही.

इथवर सगळे दोन पिनांचे. एकीतून वीज येते, दुसरीतून जाते. दिवा लागायला एवढे पुरते. तिसरी पिन कशाला?

हे मला पुस्तकातून कळण्याआधी आमच्या आत्याच्या हातावरून कळले. १९६६ सालची दिवाळी. मी अकरा वर्षांचा. वडिलांनी कोळशाच्या इस्त्रीला रजा देऊन विजेची इस्त्री आणली होती. तिच्या दोरीत तीन तारा होत्या: तांबडी, काळी आणि हिरवी. भिंतीवरच्या प्लगला भोके दोन. बसविणाऱ्याने तांबडी आणि काळी जोडली, हिरवी उरली ती पक्कडीने कापून टाकली. इस्त्री झकास तापली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आत्या ओसरीवर कपड्यांना इस्त्री करीत होती. फरशी नुकतीच सारवल्यासारखी ओली पुसलेली, पाय अनवाणी. एकाएकी ती किंचाळली आणि तिचा हात इस्त्रीला चिकटून राहिला. आजीने कोपऱ्यातली काठी घेऊन तारेवर मारली, पिना भिंतीतून निसटल्या, म्हणून आत्या वाचली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत.

त्यानंतर आत्याने विजेच्या बटणाला आयुष्यात बोट लावले नाही. बोर्डाशेजारी तिने एक खिळा ठोकून घेतला होता आणि त्यावर एक जुने लाटणे अडकविले होते. दिवा लावायचा तर लाटण्याच्या टोकाने, मालवायचा तर लाटण्याच्या टोकाने. आम्ही पोरे हसत असू. ती म्हणे, "हसा, बाबांनो. तुम्हाला नाही चावली ती."

चावली का, हे सांगतो. इस्त्रीच्या आत तापणारी तार असते. तिच्यावरचे वेष्टण झिजले की तांबड्या तारेतली वीज इस्त्रीच्या लोखंडी अंगावर उतरते. इस्त्री तशीच तापत राहते, कोणाला काही कळत नाही. हिरवी तार असते ती त्या लोखंडी अंगापासून निघून थेट जमिनीत गेलेली. तशी ती असती, तर अंगावर उतरलेली वीज माणसाची वाट न पाहता त्या तारेने जमिनीत धावली असती, प्रवाह एकदम वाढून फ्यूज वितळला असता आणि इस्त्री निमूट बंद पडली असती. हिरवी तार नव्हती, म्हणून जमिनीत जाण्याची वाट आत्याच्या हातातून आणि ओल्या तळव्यातून निघाली.

या हिरव्या तारेसाठी तिसरी पिन. गोल पिनांच्या तीन भोकांचे जे रूप आपण घरोघर पाहतो ते ब्रिटिश प्रमाण ५४६, सन १९३४चे. त्यात दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअर असे चार आकार होते. आपल्याकडे रुळले ते पाच आणि पंधरा. वरची पिन खालच्या दोहोंपेक्षा लांब आणि जाड. जाडीबद्दल नाना कथा ऐकू येतात, पण मुख्य हेतू साधा आहे: जाड पिन बारीक भोकात शिरू नये, म्हणजे माणसाला चुकता येऊ नये. आणि लांब अशासाठी की गुडदी आत जाताना जमिनीशी नाते आधी जुळावे आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी तुटावे. हिशेब किती बारीक आहे पाहा: पाचाची जाड पिन आणि पंधराच्या खालच्या दोन पिना या सारख्याच, सुमारे सात मिलिमीटरच्या.

मग इंग्रजांनीच हे रूप टाकून दिले. युद्धानंतर त्यांना लाखो घरे बांधायची होती आणि तांब्याचा तुटवडा होता. तारांची मांडणी काटकसरीची केली, आणि तिला जुळणारी नवी गुडदी आणली: चपट्या पिनांची, तेरा अँपिअरची, पोटात स्वतःचा फ्यूज असलेली. या विचारासाठी बसलेल्या समितीत वीस जण होते आणि त्यांत स्त्री एकच, कॅरोलिन हॅस्लेट. लहान मुलाने भोकात काही खुपसले तरी त्याला इजा होऊ नये, हा आग्रह तिने धरला. म्हणून भोकांमागे झडपा आल्या, आणि त्या उघडण्याचे काम दिले लांब तिसऱ्या पिनेला. ती आत गेल्याशिवाय खालची दारे उघडत नाहीत. आपल्याकडच्या चांगल्या बोर्डांवरही आता या झडपा दिसतात. वीस जणांत एकीलाच घरातले रांगते मूल आठवले, हे मला फार बोलके वाटते.

हे ब्रिटिश प्रमाण १३६३ प्रसिद्ध झाले ते वर्ष १९४७. साहेब आपल्याकडून निघाला त्याच वर्षी त्याने आपल्या भिंतीही बदलल्या. जुनी गोल पिन आपल्याकडे राहिली. माझा तर्क असा की साचे तयार होते, कारागिरांचे हात बसलेले होते, आणि नव्या राष्ट्रापुढे भिंतीवरच्या भोकांहून मोठे प्रश्न होते. आम्हा जालनेकरांना तर स्वातंत्र्यालाच आणखी वर्षभर थांबावे लागले. निजामाचे राज्य संपले १७ सप्टेंबर १९४८ला. दक्षिण आफ्रिकेने पंधराची गोल पिन ठेवली, पाकिस्तान-नेपाळातही ती भेटते. शेजारच्या श्रीलंकेने मात्र अलीकडे चपट्या पिना स्वीकारल्या.

भारतीय प्रमाण १२९३ मध्ये आता पाच आणि पंधरा नाहीत. सहा आणि सोळा आहेत. जगाने अँपिअरचे टप्पे ठरविताना सहा, दहा, सोळा अशी चढण धरली. या चढणीच्या मुळाशी शार्ल रेनार हा फ्रेंच लष्करी अधिकारी आहे. फुग्यांच्या दोरांचे सव्वाचारशे आकार पाहून तो वैतागला आणि प्रत्येक पुढचा आकार मागच्याच्या ठराविक पटीत असावा असा नियम करून त्याने ते सतरावर आणले. पुन्हा शिपाईगडीच! परंतु जालन्याच्या बाजारात जाऊन पाहा: डब्यावर छापलेले असते सोळा, दुकानदार म्हणतो पंधरा आणि गिऱ्हाईक म्हणते मोठा प्लग, तिघांनाही एकमेकांचे कळते.

परदेशी जाणाऱ्या मुलांना आपली पिन 'टाइप डी' आणि 'टाइप एम' या नावांनी माहीत असते. ही अक्षरे अमेरिकेच्या व्यापार खात्याने प्रवाशांच्या सोयीसाठी लावली. सगळ्या जगाची एकच गुडदी असावी म्हणून १९८६ साली आंतरराष्ट्रीय नमुनाही निघाला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांखेरीज त्याला फारसे कोणी विचारले नाही. जे भिंतीला साधले नाही ते खिशातल्या यंत्राला साधले. मोबाइलच्या तारेचे आजचे लांबट गोल टोक, सी नावाचे, उलटसुलट कसेही बसते. त्याच्या आधीच्या पिढीचा, १९९६ साली आलेल्या यूएसबीचा, एक जनक अजय भट्ट हा बडोद्यात शिकलेला गृहस्थ. त्याची पहिली गुडदी कधीच पहिल्या खेपेला बरोबर बसत नसे, हा अनुभव वाचकांनाही असेल. असो.

माझ्या वर्तमानपत्राकडे परत येतो. तपकिरी, तीन भोकांचे प्लग मी स्वतः बसवून घेतले होते, लग्नाच्या वेळी, १९८२ साली. जालना स्वतंत्र जिल्हा होऊन नुकतेच वर्ष झाले होते. माझ्या मनात समाधान होते की आत्याला जे भोवले ते बायकोला भोवणार नाही. तीन पिनांची नवी इस्त्री, तीन भोकांचा नवा प्लग. वायरमन पोरग्याने त्यातला एक उलटा करून माझ्यापुढे धरला.

"काका, तिसऱ्या भोकाच्या मागं तारच नाही."

"म्हणजे?"

"भोक आहे, पितळ आहे, स्क्रू कोरा आहे. एकाही प्लगला हिरवी तार नाही. शोभेचं भोक आहे हे."

मला आठवले. तारा ओढणाऱ्याने तेव्हा विचारले होते, अर्थिंग करायचे तर खड्डा खणावा लागेल, हिरवी तार सगळ्या घरभर न्यावी लागेल, एवढे एवढे जास्त पडतील. लग्नाचा खर्च डोक्यावर होता. 'राहू द्या, नंतर पाहू,' असे मीच म्हणालो होतो. दुसरे कोणी नाही. त्या दिवशी आत्या ओसरीवर बसलेली होती, तिचे लाटणे तिच्या शेजारी होते. नंतर पाहायचे राहून गेले आणि बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे आम्ही ती लांब, जाड पिन रोज मोठ्या विश्वासाने एका रिकाम्या भोकात खुपसत आलो. बायकोची इस्त्री, मुलाचा गीझर, नातवाचा संगणक.

इंग्रजीत जमिनीला 'अर्थ' म्हणतात, आपण त्याचे 'अर्थिंग' केले. मराठी कानाला तो शब्द निराळाच ऐकू येतो. अर्थ म्हणजे पैसा, आणि अर्थ म्हणजे मतलब. पहिल्याच्या लोभाने मी दुसरा घालविला होता.

"पोरा," मी म्हटले, "खड्डा आजच खण."

अंगणाच्या कोपऱ्यात खणायला सुरुवात झाली. जुन्या वस्तीची ती पांढरी माती. शेतातली काळी पाणी धरून ठेवते तशी ही धरीत नाही. दोन हात खाली विटांचे तुकडे लागले. मुलगा म्हणाला गढीचे असतील, पोरगा म्हणाला मागच्या संडासाचे असतील. मी वादात पडलो नाही. खाली जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला, त्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर आळीपाळीने. मीठ ओल धरते, कोळसा वीज वाहतो. मी दहा किलो खडेमीठ घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "दिवाळीत लोणचं घालता का काय गुरुजी?" वरून पाणी ओतायला नरसाळे बसविले. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालत जा, असे पोरग्याने बजावले. जालन्याच्या उन्हाळ्यात बादलीभर पाण्याची किंमत त्याला माहीत आहे आणि मलाही. तरी मी मान डोलावली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी काम संपले. मुख्य बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा नवा खटका बसविला होता. आत्याचा खिळा पोरगा उपटणार होता, मी उपटू दिला नाही. आत्या जाऊन एकोणीस वर्षे झाली. लाटणे तिथेच आहे, आता त्याच्यावर नवा रंग उडाला आहे.

"खात्री करून देतो," पोरगा म्हणाला. त्याने एका होल्डरमध्ये साठ वॅटचा जुना गोळा दाबून फिरविला, होल्डरच्या दोन तारांपैकी एक प्लगच्या उजव्या भोकात धरली आणि दुसरी वरच्या जाड भोकाकडे नेली. नवी भोके, मागे हिरवी तार, तिच्यामागे मीठ, कोळसा आणि पांढरीची माती. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. तार भोकात टेकली, गोळा क्षणभर चमकला, खटका खट्‌कन पडला आणि आकाशकंदिलासकट सगळे घर अंधारात गेले.

अंधारातून पोरग्याचा आवाज आला, "आता बरोबर झालं, काका."